पंगत, निवाडा आणि मान

३ सप्टेंबर १९४२. तासगावच्या मामलेदार कचेरीवर खेड्यापाड्यांतून हजारो माणसं चालून आली. मामलेदारांच्या डोक्यावर गांधी टोपी चढली, कचेरीवर तिरंगा चढला आणि मोर्चा आल्या वाटेनं परत गेला. रक्ताचा थेंब सांडला नाही. सहाच दिवसांनी, ९ सप्टेंबरला, वडूजच्या कचेरीसमोर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि परशुराम घार्गे व त्यांचे सोबती हुतात्मा झाले. १० सप्टेंबरला इस्लामपुरातही तेच घडलं. तिथं दोघे गेले. उमाशंकर पंड्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर होते, विष्णू बारपटे कामेरीचे.

त्या आठवड्यात काँग्रेसचे बहुतेक मोठे पुढारी तुरुंगात होते. ९ ऑगस्टच्या पहाटेपासून ‘छोडो भारत’ची धरपकड सुरू झाली होती आणि जिल्ह्यातल्या नाव असलेल्या माणसांनाही पोलीस शोधत होते. वरून आदेश देणारं कुणी उरलं नसताना शेकडो गावांतली माणसं एका दिवशी, एका जागी आली आणि शिस्तीनं परत गेली. ही माणसं एका जातीची नव्हती, एका संस्थानची नव्हती, एका धंद्यातलीही नव्हती. त्यांना गोळा करणारे कार्यकर्ते आले कुठून, त्यांना कुणी घडवलं आणि परजातीच्या माणसानं त्यांचं का ऐकलं, हे प्रश्न या प्रकरणाच्या मुळाशी आहेत.

तासगावचा परिसर म्हणजे तेव्हा सरहद्दींचं जाळं होतं. पटवर्धनांच्या घराण्याची इथली जहागीर १८४८ साली ब्रिटिशांनी खालसा केली, म्हणून तासगाव ब्रिटिश सातारा जिल्ह्यात. शेजारचं कुंडल औंध संस्थानात. सांगली आणि मिरज पटवर्धनांकडे, जत डफळ्यांकडे. एका गावच्या ओढ्यापलीकडे दुसऱ्याचं राज्य सुरू व्हायचं. माणसांचं तर विचारायलाच नको. मराठे, ब्राह्मण, जैन, लिंगायत, मुसलमान, धनगर, माळी, कोष्टी, रामोशी, महार, मांग अशी वस्ती, आणि जतकडे सरकावं तशी घरातली भाषा कानडी होत जाते. तासगावच्या गणपतीचं सात मजली गोपुर पाहिलं की दक्षिणेच्या मोहिमा गाजवलेल्या परशुरामभाऊ पटवर्धनांनी तिकडून काय डोळ्यांत साठवून आणलं, ते कळतं. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तिथला रथ निघतो. दोरांना हात लावणाऱ्या हजारोंमध्ये कोण कुठल्या आळीतला, हे त्या गर्दीत कुणी पाहत नाही.

पण रथाचा दिवस वर्षातून एकदा. बाकीचे दिवस जुन्या गावगाड्याचे. त्यात पुढारीपण वतनानं मिळायचं. पाटीलकी, कुलकर्णीपण बापाकडून मुलाकडे जायचं. प्रत्येक जातीची आपली पंचायत असायची आणि ती आपल्या माणसांपुरतं पाहायची. दोन जातींमध्ये वाद झाला की पाटलाच्या ओसरीवर जायचं, आणि पाटील म्हणेल ते ऐकायचं. परजातीच्या माणसाला उत्तर द्यावं लागेल अशी जागाच त्या व्यवस्थेत नव्हती. अशी जागा पहिल्यांदा तयार झाली ती एका स्वयंपाकघरात.

भाऊराव पाटील मूळचे ऐतवडे बुद्रुकचे. जन्म १८८७चा, आजोळी कुंभोजला. जैन घर. शिकायला कोल्हापूरला गेले तेव्हा जैन बोर्डिंगात राहिले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातवार वसतिगृहांची रांगच उभी केली होती. १९०१ साली मराठ्यांचं, मग जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं, आणि अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. त्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, अंघोळ केल्याशिवाय आत येऊ नका. भाऊरावांनी अंघोळ केली नाही, बोर्डिंग सोडलं.

शाहू महाराजांच्या जातवार वसतिगृहांवर आज सहज टीका होते. ती टीका त्या काळाकडे पाठ फिरवून केलेली आहे. ज्या जातीत शिकलेला एकही माणूस नाही, तिला आधी आपलं घर हवं, आपली चूल हवी, आपला पहिला पदवीधर हवा. तो मिळेपर्यंत एकत्र बसवलं तर बोलणारे तेच बोलतात आणि ऐकणारे तेच ऐकतात. महाराजांना हे पक्कं ठाऊक होतं. भाऊरावांनी पुढची पायरी घेतली. मुलं आता आलीच आहेत, तर ती एका पंगतीला बसवायची.

दूधगाव हे सांगलीजवळचं गाव. तिथं १९१० साली भाऊरावांनी सोबत्यांसह विद्यार्थी आश्रम काढला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली काम साताऱ्याला हललं आणि तिथल्या धनिणीच्या बागेत सर्व जातींच्या मुलांचं बोर्डिंग सुरू झालं. फेब्रुवारी १९२७मध्ये गांधीजी तिथं आले आणि त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. पैसा नव्हताच. भाऊरावांनी किर्लोस्करांचे नांगर खेडोपाडी विकले होते, तेव्हा कुठल्या गावात कोण मूठभर धान्य देईल हे त्यांना तोंडपाठ होतं. एकदा बोर्डिंगात शिधा संपला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. मंगळसूत्रही त्यात गेलं.

या बोर्डिंगात स्वयंपाकी ठेवलेला नव्हता. दळण, सरपण, पाणी, भाकऱ्या थापणं, वाढणं, खरकटं काढणं, हिशोब लिहिणं, सगळं मुलांनीच करायचं. पाळी यायची, आणि पाळीला जात नव्हती. क्षणभर बोर्डिंगाच्या ओसरीवरचं दृश्य डोळ्यांपुढे आणावं. साताऱ्याची थंडी, चुलीवर आमटी, आणि ज्याच्या हातचं पाणी घरी कुणी घेतलं नसतं त्या मुलाच्या हाती वाढपाची पळी. भाकरी कुणाला किती, हे तो ठरवतो आहे. कमी पडली तर तक्रार त्याच्याकडे येणार, आणि त्याला उत्तर द्यावं लागणार. त्याच्या जागी उद्या पाटलाचा मुलगा असेल आणि त्यालाही तेच उत्तर द्यावं लागेल. समतेवरची दहा भाषणं जे करत नाहीत, ते या पाळीपत्रकानं केलं. वाढणाऱ्याला न्यायानं वागायची सवय लागली आणि खाणाऱ्याला परजातीच्या माणसाचा अधिकार मानायची. पुढारी घडण्यासाठी या दोन्ही सवयी लागतात, आणि दुसरी पहिलीपेक्षा अवघड आहे.

इस्लामपुरात वर्गाबाहेर बसवलेला एक मुलगा भाऊरावांना दिसला आणि त्यांनी त्याला उचलून कोल्हापूरच्या मिस क्लार्क बोर्डिंगात नेऊन ठेवला, ही हकिकत साताऱ्या-सांगलीत आजही सांगितली जाते. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप. डॉ. आंबेडकर १९२० साली लंडनला गेल्यावर ‘मूकनायक’चं संपादन त्यांच्याकडे आलं आणि पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलावर त्यांची नेमणूक झाली. साताऱ्याच्या बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. अशी गाजलेली नावं दाखवता येतात. पण या पंगतीचं खरं पीक म्हणजे गावोगावचे प्राथमिक शिक्षक. १९३५ साली संस्थेनं साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं. तिथून बाहेर पडलेला मास्तर ज्या खेड्यात जायचा तिथं कुठल्याही एका आळीचा नसायचा, आणि म्हणूनच सगळ्या आळ्यांचा होऊ शकायचा.

हा विचार फक्त साताऱ्यात सुचला असं नाही. १९३२ साली, म्हणजे साताऱ्याच्या बोर्डिंगनंतर आठ वर्षांनी, अमेरिकेच्या टेनेसी राज्यात माइल्स हॉर्टन यांनी हायलँडर फोक स्कूल सुरू केलं. गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एकत्र शिकू नये असा तिथला कायदा होता. हायलँडरमध्ये ते एका टेबलाशी जेवत, एका छपराखाली झोपत आणि एकत्र चर्चा करत. १९५५च्या उन्हाळ्यात रोझा पार्क्स तिथल्या शिबिराला राहून आल्या. त्याच वर्षी डिसेंबरात मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये त्यांनी जागा सोडायला नकार दिला. सरकारनं १९६१ साली ती शाळा बंद पाडली. एकत्र जेवणाऱ्यांची भीती सत्तेला का वाटते, याचा अंदाज साताऱ्याच्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही.

तासगावच्या शिवेजवळ आणखी एक प्रयोग चालू होता. कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना आणि वसाहत उभी केली. निवडुंग आणि साप यांच्याशिवाय तिथं काही नव्हतं. लक्ष्मणरावांनी माणसं जमवली ती पदव्या पाहून नव्हे. शिक्षण अर्धवट सुटलेल्यांच्या हाती यंत्रं दिली. दरोड्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीचे पहारेकरी नेमलं. ज्या रामोशाला इंग्रज सरकारनं जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं, त्याच्या भरवशावर वसाहत झोपू लागली. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा द्यायचा नाही, हाही मालकाचा नियम होता. इस्लामपूरच्या मोर्चात पंड्या पडले ते याच किर्लोस्करवाडीतून आलेले होते.

आता पुन्हा १९४२ कडे. वडूज आणि इस्लामपूरनंतर मोर्चांचा मार्ग संपला हे भूमिगत कार्यकर्त्यांनी ओळखलं. १९४३च्या उन्हाळ्यात त्यांनी प्रतिसरकार, म्हणजे ब्रिटिशांना समांतर असा आपला कारभार, उभं केलं. नाना पाटील त्याचा चेहरा. येडे मच्छिंद्रचे, मूळचे तलाठी, वारकरी वळणाचे, सत्यशोधकी बोलीत वाढलेले. ते सभेत बोलत ते मातीतल्या मराठीत, आणि त्यांच्या भाषणाला पुस्तकी वास नसे. कुंडलला जी. डी. लाड, वाळव्याला नागनाथ नायकवडी, वाईकडे किसन वीर. लाड आणि नायकवडी दोघेही तेव्हा विशीतले. प्रतिसरकारच्या लढाऊ दलाचं, तुफान सेनेचं, शिक्षण कुंडलला चाले, कारण औंध संस्थानात ब्रिटिश पोलिसांचा हात तितका सहज पोचत नव्हता. औंधच्या राजानं, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३९ सालीच सत्ता गावपंचायतींकडे देणारी राज्यघटना जाहीर केली होती. आपला कारभार आपण चालवायचा म्हणजे काय, याची सवय त्या गावांना आधीच लागली होती.

प्रतिसरकारच्या कथांमध्ये शेणोलीची रेल्वे लूट आणि धुळ्याच्या खजिन्याची लूट हमखास येतात. थरार त्यात आहेच. पण नेतृत्वाच्या दृष्टीनं त्याहून मोठं काम होतं न्यायदान मंडळांचं. गावानं पंच निवडायचे आणि तंटे गावातच मिटवायचे. सावकाराकडे गहाण पडलेली जमीन, बांधाची भांडणं, चोऱ्या, टाकून दिलेल्या बायकांची गाऱ्हाणी. गोंधळाचा फायदा घेऊन दरोडे घालणाऱ्या टोळ्यांचा बंदोबस्तही याच काळात झाला. शिक्षा कडक असत, कधी क्रूरही. तळपायावर मार बसे, आणि त्यावरूनच लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’ हे नाव रुळलं असं सांगतात. ते सगळं गोड करून सांगायची गरज नाही. महत्त्वाचं हे की विशी-पंचविशीतल्या पोरांना दोन जातींच्या, दोन आळ्यांच्या भांडणात उघड्यावर निवाडा द्यावा लागत होता. निवाडा पक्षपाती निघाला तर रात्री आसरा कुणी देणार नाही, उलट पोलिसांना ठिकाण कळेल. भूमिगत माणसाचा जीव सगळ्या गावाच्या मौनावर टांगलेला असतो. म्हणून त्याला सगळ्या गावाशी नीट वागावं लागतं. इतकं कठोर प्रशिक्षण कुठल्याही शिबिरात मिळणार नाही.

लग्नं साधेपणानं, थोड्या खर्चात लावायची हा प्रतिसरकारचा आणखी एक नेम. गावच्या ग्रंथालयाची आणि दारूबंदीची जबाबदारी पोरांवर टाकलेली असे. आणि बायका? नाना पाटलांच्या कन्या हौसाबाईंची भवानीनगरच्या पोलीस ठाण्याची हकिकत त्यांनी म्हातारपणीही ठसक्यात सांगितली. ठाण्यासमोर एक माणूस नवरा बनून त्यांना मारझोड करू लागला. खोटं वाटू नये म्हणून मारही खराच होता. त्यानं मोठा धोंडा उचलला, आता ही बाई मरते असं वाटून पोलीस ठाण्यातून धावत बाहेर आले, आणि तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. घरी आल्यावर हौसाबाईंची तक्रार एवढीच होती की त्यानं जरा जास्तच जोरात मारलं. कासेगावच्या इंदुताई पाटणकर कोवळ्या वयात घर सोडून चळवळीत आल्या आणि पुढे आयुष्यभर कार्यकर्त्याच राहिल्या.

नेतृत्वात मराठा-कुणबी तरुणांचा भरणा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. दलित आणि रामोशी घरांनी निरोप पोचवले, आसरा दिला, मार खाल्ला; गटप्रमुखांच्या यादीत ती नावं कमी दिसतात. तरीही या चळवळीनं परक्याला आपलं मानायची जी ताकद दाखवली ती थक्क करते. आझाद हिंद सेनेतला नानकसिंग हा शीख जवान वाळव्याच्या पोरांना शस्त्रं चालवायला शिकवायला आला. भाषा वेगळी, धर्म वेगळा, हजार मैलांवरचा गडी. १९४६च्या फेब्रुवारीत शिराळ्याकडच्या सोनवडे इथं पोलिसांशी झालेल्या चकमकीत चळवळीतले किसन अहिर आणि नानकसिंग दोघेही धारातीर्थी पडले. नायकवडींनी पुढे वाळव्याला उभ्या केलेल्या साखर कारखान्याला किसन अहिरांचं नाव आहे, आणि नानकसिंगांचं नाव त्या गावात अजून आदरानं घेतलं जातं.

स्वातंत्र्यानंतर हा भाग दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. चळवळीतून आलेली माणसं निवडून येऊ लागली. १९५७ साली लाड तासगावातून आमदार झाले, नाना पाटील साताऱ्यातून खासदार. सांगलीचा तुरुंग फोडून पळालेले पद्माळ्याचे वसंतदादा पाटील चार वेळा मुख्यमंत्री झाले. सहकारी कारखाने, बँका, दूध संघ, शिक्षण संस्था यांनी खेड्यांत पैसा आणला. पण पुढारीपण घडण्याची जागा इथं बदलली. पंगत आणि निवाडा मागे पडले, संचालक मंडळ पुढे आलं. तिथं जबाबदारी सभासदांपुरती, आणि सभासद होण्यासाठी ऊस हवा, म्हणजे जमीन हवी, म्हणजे पाणी हवं. भूमिहीन माणूस या दारातून आत येऊ शकला नाही. एकेकाळी सगळ्या आळ्यांना जोडणारं नेतृत्व हळूहळू बागायतीच्या बांधांपर्यंत आक्रसत गेलं, ही या जिल्ह्याच्या राजकारणाची खरी हानी आहे.

या हानीला उत्तर शोधणारे प्रयत्न मात्र थांबले नाहीत. १९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरणगावातून खानापूर तालुक्यात परतलेल्या कामगारांनी मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. येरळा नदी, जी पुढे तासगावच्या बाजूनं कृष्णेला मिळते, तिची वाळू ठेकेदार ओरबाडत होते. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ती वाळू थोडी स्वतः विकून त्या पैशात धरण बांधायचं ठरवलं. १९९० साली बळीराजा स्मृती धरण पुरं झालं. जमीन नसलेल्या घरांनाही पाण्यात वाटा, हा त्यामागचा नियम होता. पाण्याचा वाटा हाती आल्यावर भूमिहीन माणूस बैठकीत वेगळ्या आवाजात बोलतो.

तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावचे आर. आर. पाटील, म्हणजे लोकांचे आबा, याच मातीतले. जन्म १९५७चा. सांगलीच्या शांतिनिकेतनमध्ये ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करून शिकलेले, १९७९ साली जिल्हा परिषदेत आणि १९९० साली तासगावातून विधानसभेत गेलेले. गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ रोजी त्यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेनं समिती निवडायची, दिवाणी आणि तडजोडीला पात्र असलेले फौजदारी तंटे गावातच सामोपचारानं मिटवायचे, आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येनुसार रोख बक्षीस. न्यायदान मंडळांच्या मुलखातल्या माणसाला हे सुचावं यात नवल नाही.

मोहिमेनं पुष्कळ चांगलं केलं. बांधावरून वर्षानुवर्षं चाललेले दावे मिटले, भावाभावांत बोलणं सुरू झालं. पण जिथं समिती एकाच जातीची, एकाच गटाची झाली, तिथं तडजोड म्हणजे दुबळ्याची माघार ठरली. बाईला घरच्यांनी मारलं आणि समितीनं तिला ‘संसार आहे, सांभाळून घे’ असं सांगून परत पाठवलं, तर तंटा मिटला असं कागदावरच म्हणायचं. निवाडा करणाऱ्यांत तक्रारदारासारखं कुणीतरी असायला हवं. पंचायतीत महिलांना आधी एक तृतीयांश आणि २०११पासून निम्म्या जागा मिळाल्या त्या याच कारणासाठी मोलाच्या आहेत. सरपंचबाईंच्या खुर्चीत नवरा बसतो हे अनेक गावांत दिसतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती खुर्ची बाई स्वतः मागते, हेही दिसतं.

तंटे मिटवण्याचा सर्वांत धीट प्रयोग सांगली शहरात, जिथं सभ्य माणूस मान वळवतो अशा वस्तीत झाला. मीना शेषू यांनी १९९२ साली ‘संग्राम’ ही संस्था सुरू केली ती एचआयव्हीच्या साथीच्या काळात. सांगलीच्या गोकुळनगर वस्तीत कर्नाटकातून आलेल्या, देवदासी परंपरेतल्या, वेगवेगळ्या जातींच्या आणि बोलींच्या बायका धंदा करत होत्या. डॉक्टरांचं त्या ऐकत नव्हत्या, पोलिसांना घाबरत होत्या. मग निरोधवाटपाचं आणि माहिती सांगण्याचं काम त्यांच्यातल्याच बायकांनी उचललं. कानडीत बोलणारी कानडी बायकांशी बोलली, मराठीत बोलणारी मराठी बायकांशी. घरोघर फिरताना त्यांच्या कानावर आजारापेक्षा इतरच गोष्टी जास्त पडल्या. घरवालीनं पैसे बुडवले, गिऱ्हाइकानं मारलं, पोलिसानं हप्ता मागितला, मुलाला शाळेत घेत नाहीत. ही गाऱ्हाणी सोडवता सोडवता १९९६ साली त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. तिचीही तंटामुक्ती समिती आहे. वस्तीत अल्पवयीन मुलगी आणली गेली तर ती लक्षात येणं, घरवालीला जाब विचारणं, ठाण्यात जाऊन अधिकाऱ्यासमोर बसणं, हे या बायका करतात. जिला अक्षरओळख नव्हती ती बाई आज परिषदांमध्ये उभी राहून आपलं म्हणणं मांडते. तिला पुढारी कुणी नेमलं नाही. शेजारणीचं भांडण सोडवायला ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी शेजारीण तिला बोलवायला आली.

याच जिल्ह्यातल्या कडेगावच्या मोहरमची गोष्ट वेगळ्या जातीची आहे, पण इथं सांगायलाच हवी. तिथले उंचच उंच ताबूत हिंदू आणि मुसलमान दोघेही बांधतात आणि दोघेही उचलतात. बांबू, सूत आणि चिकणमाती एवढंच साहित्य. बांधताना कुठंही गाठ मारत नाहीत. कळस आधी तयार होतो, मग तो उचलून त्याखाली एकेक मजला जोडत खाली येतात. कुठल्या घराण्याचा ताबूत कधी उचलायचा, कोण कोणाच्या भेटीला जायचा, हे मान ठरलेले आहेत आणि ते दोन्ही धर्मांच्या घरांत वाटलेले आहेत. वरवर पाहता हा वतनाचाच प्रकार, बापाकडून मुलाकडे जाणारा. पण यात एक शहाणपण आहे. ज्याच्याकडे मान आहे त्याच्यावर त्या दिवशी शांतता राखण्याची जबाबदारीही आहे. पाटलांचा ताबूत हेलकावला तर अत्ताराचा हात लागतो, आणि अत्ताराच्या ताबूताला पाटलाचा. मिरजेत २००९ साली गणेशोत्सवात दंगल पेटली आणि आसपासची गावंही धुमसली. तशा दिवसांत ज्या गावात एकमेकांच्या सणात मान ठरलेले असतात, तिथं अफवा खरी की खोटी हे विचारायला जायला एक ओळखीचं दार तरी असतं.

तासगाव आज द्राक्षांचं आणि बेदाण्याचं गाव आहे. बेदाण्याचे सौदे इथं होतात, आणि बागेतल्या छाटणीपासून शेडवरच्या वाळवणीपर्यंत हातांची गरज वाढतच चालली आहे. ते हात आता गावातले राहिलेले नाहीत. सीमेपलीकडून कानडी बोलणाऱ्या टोळ्या येतात, बिहार आणि उत्तर प्रदेशातून पोरं येतात. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत वाड्यावस्त्यांवर भोजपुरी ऐकू येते. या माणसांचं नाव इथल्या मतदार यादीत नाही, ग्रामसभेत त्यांना कुणी बोलवत नाही, आणि मजुरीवरून, राहण्याच्या जागेवरून, औषध फवारताना झालेल्या त्रासावरून भांडण झालं तर मालक आणि मुकादम जे ठरवतील ते. तंटामुक्ती समितीत त्यांच्यातला एखादा माणूस घ्यायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही. निदान हंगामापुरता, निदान त्यांच्या भांडणांपुरता. ग्रामसभेनं ठराव केला की झालं. ऑक्टोबर छाटणीच्या आधी, १५ ऑगस्टला, गावोगाव ग्रामसभा असतेच.